डेक्कन क्वीनचे सुतार

मुंबई-पुण्याच्या डेक्कन क्वीनवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिच्या डायनिंग कारमधला नाश्ता, पासधारकांच्या ठरलेल्या जागा, दर १ जूनला कापला जाणारा केक यांवर आठवणींचे लेख निघतात आणि लोक ते आवडीने वाचतात. या सगळ्या लिखाणात एक गोष्ट मात्र ओळीभरात आटपलेली असते. १९३० साली धावलेल्या पहिल्या दोन रेकच्या डब्यांच्या खालच्या पोलादी चौकटी तेवढ्या विलायतेहून आल्या. त्यांच्यावरचे डबे मुंबईतच, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले.

या एका ओळीपाशी मला थांबायचं आहे. हे डबे बांधणारे सुतार, लोहार, फिटर, रंगारी आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. गाडीला नाव मिळालं, इंजिनांना नावं मिळाली, कारखान्याला नाव राहिलं. हाताने काम करणारा माणूस हजेरीपटावरच्या नंबरापुरता उरला. त्याचा दिवस कसा जात असे, हे मात्र त्या काळच्या कामाच्या रीतीवरून, कायद्यांवरून आणि अहवालांवरून बऱ्यापैकी उभं करता येतं.

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे घेऊन धावली. गाडी सुरू झाली की दुरुस्ती मागोमाग येतेच. भायखळ्याला जी.आय.पी.चा पहिला कारखाना उभा राहिला आणि १८७९ मध्ये कामाचा पसारा परळला गेला. पुढे मार्ग वाढले, डबे वाढले. १९१५ मध्ये माटुंग्याला फक्त डबे आणि वाघिणींसाठी वेगळा कारखाना झाला. तेव्हापासून परळ इंजिनांचं आणि माटुंगा डब्यांचं, अशी वाटणी मुंबईच्या कामगारांच्या तोंडी बसली. शेजारच्या लोअर परळचा डब्यांचा कारखाना बी.बी.सी.आय.चा, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचा. माटुंग्याच्या माणसाला तो परका.

माटुंग्याचं आवार सुमारे पस्तीस हेक्टरांचं आहे आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा छपराखाली आहे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये डबा न्यायचा तर त्याला वळवायला जागा पुरत नाही. म्हणून रुळांचाच एक तुकडा घेऊन आडवा सरकणारा ट्रॅव्हर्सर अशा कारखान्यांत असतो. डबा त्याच्यावर चढवायचा, ट्रॅव्हर्सर हव्या त्या लाइनीसमोर नेऊन थांबवायचा आणि डबा आत ढकलायचा. ढकलायला माणसं लागत. एका सुरात जोर लावणारी ही माणसं म्हणजे खलाशी. कारखान्यात शिरणाऱ्या बहुतेक गावाकडच्या पोरांची पहिली पायरी हीच.

ही पोरं कुठून येत? कोकणातून रत्नागिरीकडची आणि घाटावरून साताऱ्याकडची. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. सांगली, मिरज, बुधगाव ही पटवर्धनांची संस्थानं होती आणि बुधगावाला लागून असलेलं माधवनगर संस्थानी मुलखात येई. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कृष्णाकाठ सोडला की या भागात पावसाचा भरवसा नाही. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. थोरल्या भावाने जमीन बघायची आणि धाकट्याने मुंबई गाठायची, ही रीत त्याच काळात घराघरांत रुळली. माधवनगर, नांद्रे, भिलवडी, ताकारी या पट्ट्यातून जाणारी पुणे-मिरज लाइन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली होती. ती मीटर गेजची होती. पुण्यात उतरायचं, बोचकं डोक्यावर घेऊन जी.आय.पी.च्या रुंद गाडीत बसायचं आणि मग मुंबई. १९७१ मध्ये ही लाइन रुंद होईपर्यंत गाडी बदलणं कुणालाच चुकलं नाही.

मुंबईत उतरलेल्या पोराला काम मिळे ते गाववाल्याच्या ओळखीने. कुणाचा चुलता, कुणाचा मेहुणा आधीपासून तिथे असे. तो मिस्त्रीला सांगे आणि मिस्त्री वर सांगे. या सांगण्याला बहुतेक वेळा पैसे मोजावे लागत. १९२९ मध्ये हिंदुस्थानातल्या कामगारांची स्थिती पाहायला व्हिटली आयोग आला. त्याच्या १९३१ च्या अहवालात नोकरभरतीतल्या या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवलेलं आहे. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो वाचताना आजही पोटात कालवतं. बहुतेक औद्योगिक शहरांत कामगार कुटुंबांपैकी निदान दोन तृतीयांश कर्जात होती आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त होतं. पगाराच्या दिवशी मुंबईच्या कारखान्यांच्या दाराशी व्याजाच्या वसुलीसाठी पठाण उभा असे. खिशात आलेला पैसा फाटकापाशीच निम्मा व्हायचा.

सकाळी भोंगा होई. फाटकात टाइम ऑफिस. आपल्या नंबराचा बिल्ला उचलायचा आणि ठरल्या जागी टाकायचा. भोंगा वाजून गेला आणि बिल्ला जागेवर राहिला की दिवस बुडाला किंवा पगार कापला. १९११ च्या फॅक्टरी कायद्यात कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला होता. १९२२ च्या दुरुस्तीने कारखान्यांतल्या प्रौढांसाठी दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. १९३४ मध्ये ती दहा आणि चौपन्नावर उतरली. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास व्हायला १९४६ उजाडावं लागलं. म्हणजे १९१५ साली माटुंग्याला लागलेल्या विशीतल्या पोराने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा पाहिला तो पन्नाशी ओलांडल्यावर.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती गावाकडच्या हाताची ओळख, जी कारखान्यात वाया गेली नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्याने पाहिलं आहे त्याला रेल्वेचं चाक कळायला फार वेळ लागत नसे. गावचा लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, तिचा घेर वाढतो, मग ती लाकडी चाकावर बसवून पाणी ओततात आणि निवता निवता ती चाकाला आवळून धरते. रेल्वेच्या चाकाचा पोलादी टायर याच न्यायाने चढे. टायरचं भोक आतल्या चाकापेक्षा केसभर लहान कोरायचं, टायर सगळीकडून सारखा तापवायचा, फुगला की आत चाक सोडायचं. फरक एवढाच की इथे पाणी ओतायचं नाही. पोलाद एकदम निवलं तर चिरतं, म्हणून टायर सावकाश गार होऊ द्यायचा. मग चाकांची जोडी लेथवर चढे आणि रुळावर टेकणारी कड मापात कातली जाई. दाब देऊन आखावर चाक बसवायचं कामही असंच नेमकं. जोर कमी पडला तर चाक सैल, जास्त झाला तर आख जखमी.

आखाची टोकं ज्या पेट्यांत फिरत, त्या पेट्यांत पांढऱ्या धातूचं बेअरिंग आणि तेलात भिजलेली गादी असे. बेअरिंगचा धातू वितळवून ओतायचा, थंड झाल्यावर आखाच्या अंगाला बसेल असा हाताने खरवडायचा. हे काम जाणता फिटरच करी. खरवडण्यात चूक झाली की चाळीस-पन्नास मैलांवर, घाटात कुठेतरी, पेटी तापून धूर निघायचा. कारखान्यातल्या माणसाचं काम असं दूर जाऊन बोलत असे. मोठ्या स्टेशनांवर लांब दांड्याच्या हातोडीने चाकं ठोकत जाणारा तपासनीस आवाजावरून तडा ओळखे, तो याच साखळीतला पुढचा दुवा.

चाकांवर बोगी, बोगीवर पोलादी चौकट आणि चौकटीवर डब्याचं घर. त्या काळच्या डब्याच्या घराचा आधार सागवान. सॉमिलमध्ये ओंडके चिरले जात, लाकूड वाळवलं जाई. ओलं लाकूड वापरलं तर मुंबईच्या पावसाळ्यानंतर येणाऱ्या दख्खनच्या उन्हाळ्यात सांधे उघडे पडत. उभे खांब, आडव्या पट्ट्या, छपराच्या वाकलेल्या कमानी हे सगळं कुसू आणि खाचेच्या सांध्यांनी जोडायचं. धावत्या गाडीत डबा सतत पिळला जातो. नुसत्या खिळ्यांवर उभं केलेलं काम वर्षभरात कुरकुरायला लागे. पटाशीने खाच घेताना सुताराला हा पीळ मनात धरावा लागायचा. घराचा दरवाजा करणारा सुतार आणि डब्याचा दरवाजा करणारा सुतार यांच्यात हाच फरक. डब्याचं दार ताशी साठ मैलांच्या वेगातही वाजता कामा नये.

छपरावर फळ्या, त्यांवर ताणलेला कॅनव्हास आणि कॅनव्हासवर सफेद्याचे थर, म्हणजे पाणी आत यायचं नाही. मग डबा रंगशाळेत. रंगकामाला घाई चालत नसे. आधी अस्तर, मग लांबी भरायची, ती वाळली की दगड आणि पाण्याने घासायची, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं, आणि पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला की मगच रंग. रंगाचे हात चढत जात आणि शेवटी वार्निश. प्रत्येक थराला वाळायला वेळ द्यायचा. त्या दिवसांतल्या सफेद्यात आणि शेंदरी अस्तरात शिसं असे. रंगारी तो दिवसभर हाताळत, सुकी लांबी घासताना त्याची धूळ नाकातोंडात जाई. शिशाने माणूस आतून पोखरतो, हे युरोपात तेव्हा चांगलंच ठाऊक होतं.

१९३० सालच्या दोन रेक अशाच हातांतून गेल्या. प्रत्येकीत सात डबे. एक चंदेरी, तिच्या पट्ट्या शेंदरी. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघ. डब्याच्या पूर्ण लांबीवर सोनेरी रेघ एका जाडीची, न तुटता ओढायची म्हणजे काय, हे ज्याने साधी पाटी रंगवून पाहिली आहे त्याला विचारावं. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जाता येईल अशी ही गाडी होती, आत गाद्या होत्या, जेवणाची सोय होती. कल्याण ते पुणे विजेच्या तारा नुकत्याच आल्या होत्या, त्यामुळे बोरघाटातही वाफेचा धूर तिच्या नव्या रंगावर बसणार नव्हता. १ जून १९३० पासून ती मुंबई-पुण्याच्या दरम्यान धावू लागली.

तारखांकडे जरा बारकाईने पाहायला हवं. जी.आय.पी. रेल्वे १९२५ च्या जुलैपासून सरकारच्या ताब्यात होती. याच रेल्वेवर ४ फेब्रुवारी १९३० रोजी मोठा संप सुरू झाला. रेल्वेमेन्स युनियनचे अध्यक्ष होते नागपूरचे रा. स. रुईकर. मागण्या पगाराच्या, वागणुकीच्या आणि नोकरीच्या हमीच्या. संप फसला. हजारो माणसं कामावरून गेली आणि त्यांना परत घेण्याचा प्रश्न पुढे कितीतरी दिवस लोंबकळत राहिला. एकाच रेल्वेवर, त्याच वर्षी, पहिल्या सहा महिन्यांच्या आत एकीकडे माणसं काढली जात होती आणि दुसरीकडे देशातली सर्वांत देखणी गाडी पूर्ण होत होती. डेक्कन क्वीनच्या इतिहासात हा संप येत नाही आणि संपाच्या इतिहासात डेक्कन क्वीन येत नाही. मला या दोन्ही गोष्टी एका पानावर वाचायच्या आहेत, कारण त्या एकाच रेल्वेच्या कामगारांच्या आहेत.

दुसरी गोष्ट बसण्याची. या गाडीला वर्ग दोनच होते, पहिला आणि दुसरा. माटुंग्याचा कामगार जत्रेला, लग्नाला किंवा पेरणीला गावी निघे तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या बाकावरून, दुसऱ्या गाडीने पुण्याला जाई आणि तिथून मीटर गेजने पुढे. स्वातंत्र्य आलं, १ जानेवारी १९४९ पासून तिचा जुना पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले, तरी तिसरा वर्ग आलाच नाही. तो आला जून १९५५ मध्ये. म्हणजे ज्यांनी हे डबे बांधले, त्यांना त्यांत तिकीट काढून बसायची सोय व्हायला पंचवीस वर्षं लागली. तोवर १९३० चे कितीतरी सुतार निवृत्त होऊन गावी परतले असणार.

कारखान्याच्या आतही वर्ग होते. फोरमनच्या जागांवर बहुधा युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन माणूस, त्याच्या खाली चार्जमन, मग मिस्त्री, मग कारागीर आणि तळाशी खलाशी. या शिडीत जात खोलवर मुरलेली होती. १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचं प्रसिद्ध विधान याच भाषणातलं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा केलेला हिशेब. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आड येतो. कारखान्यांतही मेकॅनिक, चार्जमन, फोरमन या जागा त्याच्यासाठी जवळजवळ बंद असतात. एकाच फाटकातून आत येणाऱ्या दोन पोरांपैकी एकाच्या हाती दहा वर्षांनी पटाशी असे आणि दुसरा अजूनही डबा ढकलत असे, याचं कारण पुष्कळदा हातातल्या कसबात नव्हतं. कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी सांगताना हे वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

कारखान्याच्या पलीकडे, धारावीच्या कडेला, माटुंगा लेबर कॅम्प. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा एक मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईला आला, पडेल ती कामं केली, गिरणीत राबला आणि या लेबर कॅम्पात राहून लिहायला लागला. तो अण्णाभाऊ साठे. अण्णाभाऊ रेल्वेच्या कारखान्यात नव्हते. पण लेबर कॅम्पातल्या ज्या श्रोत्यांनी त्यांना ऐकलं, त्यांची मुंबई आणि माटुंग्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्यांची मुंबई एकच होती. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वारणा-कृष्णेच्या पट्ट्यातला तमाशा कामगारवस्तीत आला आणि त्यातून भोंगा, पगार, भाडं, संप हे विषय स्टेजवर बोलू लागले. माझ्या मते त्या काळच्या कामगाराला स्वतःचं चित्र पहिल्यांदा धड दिसलं ते इथे.

१९५१ च्या ५ नोव्हेंबरला जी.आय.पी. आणि आणखी काही रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. १९५५ मध्ये मद्रासजवळ पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि पूर्ण पोलादी डबे एका ठिकाणी, मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. अपघातात एकमेकांत घुसत नाहीत असे हे डबे लाकडी डब्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित होते, आणि तो बदल व्हायलाच हवा होता. १९६६ मध्ये डेक्कन क्वीनचे माटुंग्याचे डबे उतरले आणि पेरांबूरचे आले. छत्तीस वर्षं ते घाट चढले-उतरले होते.

माटुंग्याचं काम तेव्हापासून बदललं. नवं बांधण्यापेक्षा जुनं उघडून पाहणं वाढलं. ठरलेल्या मुदतीने डबा कारखान्यात येतो, बोगीवरून उचलला जातो, चाकं, ब्रेक, स्प्रिंगा वेगळ्या होतात, पत्रा कुठे गंजला ते पाहून कापून नवा जोडतात, रंगवतात आणि बाहेर सोडतात. कामगार याला पीओएच म्हणतात. मुंबईच्या लोकलचे डबेही इथे येतात. सुताराच्या जागी वेल्डर आला. संडासाखालचा आणि दारापाशी पाणी साचतं तिथला पत्रा सर्वांत आधी जातो, हे त्याला डबा न उघडता सांगता येतं. दिवसाला लाखो माणसं ज्या दारात लोंबकळतात, ते दार आणि त्याच्याखालचं चाक यांची जबाबदारी त्याच्यावर असते.

मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे संप झाला. ८ मेला सुरू झालेला हा संप २७ मेला मागे घेतला गेला. त्या वेळी रेल्वेत सुमारे सतरा लाख माणसं होती. आठ तासांचा दिवस, महागाईशी सुसंगत पगार आणि बोनस या मागण्या होत्या. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टर्समधून कुटुंबं बाहेर काढली गेली. बोनस मिळाला, पण काही वर्षांनी आणि दुसऱ्या सरकारच्या काळात.

२० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईकरांच्या लक्षात आहे. माटुंगा आणि दादरच्या दरम्यान शेकडो तरुण रुळांवर बसले आणि मध्य रेल्वे तासन्तास ठप्प झाली. ही मुलं रेल्वेच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून शिकलेली होती. फिटर, वेल्डर, सुतार, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड, हातात प्रमाणपत्र आणि नोकरी नाही. त्यांच्यासाठी भरतीत वीस टक्के जागा ठेवल्या होत्या. आम्ही याच कारखान्यांत शिकलो, मग आम्हाला मर्यादा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑफिसला निघालेले लोक वैतागले होते आणि त्यांचं वैतागणंही समजण्यासारखं होतं. रेल्वे मंत्रालयाने त्या दिवशी वीस टक्क्यांचाच नियम पुन्हा सांगितला आणि या मुलांना त्या भरतीत अर्ज करायला सांगितलं. दुपारपर्यंत रूळ मोकळे झाले आणि कल्याणकडे जाणाऱ्या लोकल, ज्यांच्या चाकांवर आणि पत्र्यावर यांतल्या कितीतरी मुलांनी वर्षभर काम शिकलं होतं, पुन्हा सुटू लागल्या.